बाबांच्या पद्मिनीचे नवे ब्रेक

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारू? मोटारगाडीतली सगळ्यांत महत्त्वाची वस्तू कोणती?

आमच्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा भराभर हात वर झाले. "बाई, इंजिन!" "बाई, चाकं!" एक जण ओरडला, "हॉर्न!" शेवटच्या रांगेतल्या एका मुलीनं जरा विचार करून सांगितलं, "पेट्रोल." ब्रेक मात्र कुणीच म्हणालं नाही. मुलांना तरी काय बोल लावणार? काही वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं, तर मीही 'इंजिन' असंच सांगितलं असतं. आज माझं उत्तर बदललंय. ते मला तणसाच्या एका ढिगानं शिकवलं. त्याचीच ही गोष्ट.

ताडपत्रीखालची गाडी

आमचं गाव नागरा. गोंदियापासून अगदी जवळ. आमच्या गावचं प्राचीन शिवमंदिर प्रसिद्ध आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. आमच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक गाडी उभी असायची. बाबांची प्रीमियर पद्मिनी.

तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल. तिची जन्मकथा सांगते. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे फियाटच्या गाड्या बनू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि पुढे याच गाडीला 'पद्मिनी' हे आपलं वाटणारं नाव मिळालं. म्हणून तर जुनी माणसं पद्मिनीलाही 'फियाट'च म्हणतात. इंजिन १०८९ सीसीचं, चौदा इंची चाकं आणि गिअरचा दांडा चक्क स्टिअरिंगच्या खाली! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि मुंबईकरांनी तिला हळहळत निरोप दिला.

ती बातमी आमच्या घरी वाचली गेली आणि आई एकदम गप्प झाली. बाबा गेल्यापासून चौदा वर्षं गाडी जागची हलली नव्हती. मी लहानपणी तिच्या मागच्या सीटवर बसून पाढे म्हटलेत. रात्री आई दादाला म्हणाली, "एकदा तरी तिच्यात बसून गोंदियाला जाऊन यावं, असं वाटतं रे."

झालं! दादानं दुसऱ्याच दिवशी ताडपत्री ओढली.

तणसाचा ढीग

नवी बॅटरी आली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं. कार्बोरेटर साफ झाला. चौथ्या दिवशी इंजिननं दोन-तीनदा खोकून धुराचा लोट सोडला आणि ते सुरू झालं! आम्ही टाळ्या पिटल्या. टायरही नवे घातले. आता फक्त रंग द्यायचा राहिला, असं आम्हांला वाटलं. गोंदियाहून आलेले मिस्त्रीकाका जाताना बजावून गेले, "इंजिन तं चालू झालं, पण बिरेक खोलून पाहिल्याबिगर गाडी गेटाबाहेर काढू नका जी."

दादानं पेडल दाबून पाहिलं. गाडी अंगणात थांबली. "चालताहेत की ब्रेक!" तो म्हणाला. चुकलं ते इथेच.

धान कापणीचे दिवस होते. आई नवं लुगडं नेसून पुढे बसली, मी मागे. गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडी छान पळू लागली. वेग असेल ताशी चाळीसच्या आसपास. तेवढ्यात समोर धानाची बैलगाडी आडवी आली. दादानं ब्रेक दाबला. पेडल सरळ खाली गेलं आणि फळीला टेकलं. गाडी थांबेना! त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा तेच. दादानं हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला आणि गाडी रस्त्याच्या कडेला वळवली. तिथे तणसाचा मोठा ढीग होता. त्यात गाडी अर्धी रुतली आणि थांबली.

बैल शांतपणे निघून गेले. आम्हांला खरचटलंसुद्धा नाही. पण आईचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आधी गाडीला थांबायला शिकवा. मग तिला रंग द्या."

चूक गाडीची नव्हती

मिस्त्रीकाकांनी चारही चाकं काढली. शाळा सुटल्यावर मीही तिथे जाऊन बसू लागले, आणि इतक्या वर्षांत जे कळलं नव्हतं ते एका आठवड्यात कळलं.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. त्याच्या आत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन 'शू' असतात. शूवर लायनर बसवलेला असतो. आपण पेडल दाबलं, की शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला आतून घासतात. घर्षणामुळे चाक थांबतं.

पण पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो कसा? तेलातून! पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल बारीक नळ्यांतून चाकांकडे ढकललं जातं. तिथे छोटे व्हील सिलिंडर असतात. त्यांचे दट्टे बाहेर सरकतात आणि शूंना फाकवतात. सतराव्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यानं सांगितलंच आहे, की कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. हाच नियम आमच्या गाडीत पायापासून चाकापर्यंत काम करत होता.

मग बिघडलं कुठे? मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरमधला रबर कडक होऊन चिरला होता. आत गंज धरला होता. अंगणात हळू दाबलं तेव्हा तो कसाबसा टिकला. रस्त्यावर जोरात दाबताच फुटला. तेल गळून गेलं आणि दाबच उरला नाही.

ब्रेक ऑइलची एक खोड आहे. ते हवेतली वाफ शोषून घेतं. जुन्या तेलात पाणी मुरलं, की एकीकडे सिलिंडर आतून गंजतो आणि दुसरीकडे तेल लवकर उकळू लागतं. ताजं डॉट-३ तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये असा नियम आहे. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला तर नुसता आकसतो, जोर पुढे देत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या गाडीत ते चौदा वर्षांचं होतं!

म्हणजे दोष ड्रमचा नव्हता, पद्मिनीचाही नव्हता. दोष आमच्या निष्काळजीपणाचा होता.

मग ब्रेक बदलायचे कशाला?

दादानं हेच विचारलं. नवे सिलिंडर, नवे लायनर, नवं तेल घातलं की झालं ना? मिस्त्रीकाका म्हणाले, "होते जी. पण गाडी तेच हाय, रस्ता बदलला ना!"

खरंच आहे. बाबांच्या काळी इथल्या रस्त्यावर मोटारी मोजक्याच होत्या. आता पुढची नवी गाडी झटकन थांबते. तिच्या मागे असलेल्या जुन्या गाडीलाही तेवढ्यातच थांबावं लागतं.

थोडं गणित करू या. समोर काही दिसलं, की पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ४० किलोमीटर वेगानं त्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते. कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक असतील, तर थांबायला आणखी सुमारे १२ मीटर. एकूण २३. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची असते, हे ध्यानात ठेवा. आता वेग दुप्पट करा, ताशी ८०. पहिल्या सेकंदात २२ मीटर, आणि थांबायला १२ च्या दुप्पट नव्हे, चौपट! म्हणजे सुमारे ४९. एकूण ७१ मीटर. साडेतीन खेळपट्ट्या! वेग दुप्पट झाला, की गाडीच्या अंगातली ऊर्जा चौपट होते, म्हणून असं होतं.

आणि ही ऊर्जा जाते कुठे? तळहात एकमेकांवर जोरात घासून पाहा. ऊब लागली ना? ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. चार माणसं बसलेली पद्मिनी ताशी ६० वेगावरून एकदा थांबवली, तर जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी उकळेल. घाटातून उतरताना असं पुन्हा पुन्हा होतं. ड्रम हा बंद डबा, त्यातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. तापला की तो प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. पावसाळ्यात आत पाणी शिरलं, तर ते लवकर वाळतही नाही.

डिस्क ब्रेकचं तसं नाही. चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तुमच्या सायकलच्या रिमला दोन रबरं धरतात ना, तसंच. तबकडीला वारा लागतो, पाणी उडून जातं. गंमत म्हणजे या दोन्ही कल्पना एकाच वयाच्या आहेत. १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनॉ यानं ड्रम ब्रेक तयार केला आणि त्याच साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यानं डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. पण डिस्कला नाव मिळालं ते १९५३ मध्ये. फ्रान्समधल्या ल माँ इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली. दुसरे चालक आधीच वेग कमी करू लागायचे, हिचे चालक मात्र वळणाच्या जवळ जाईपर्यंत वेगात राहू शकायचे. बघा हं, ज्याला नीट थांबता येतं, तोच बिनधास्त पळू शकतो!

एक बदलला की चार बदलतात

दादा खूश झाला. "मग चारही चाकांना डिस्कच लावू." मिस्त्रीकाका हसले. जुन्या गाडीत नवा भाग घालणं म्हणजे नुसतं नटबोल्ट आवळणं नव्हे, हे त्यांनी आम्हांला एकेक करून समजावलं.

पहिली गोष्ट, ड्रमची एक खुबी असते. फिरता ड्रम आतल्या एका शूला स्वतःच ओढून घट्ट करतो. पायाला फुकटची मदत होते. डिस्कमध्ये ही मदत नाही. नुसती डिस्क लावली, तर पेडल दगडासारखं कडक लागेल. आईला किंवा मला गाडी चालवायची झाली, तर पाय पुरणारच नाही. म्हणून बूस्टर हवा. हा एक गोल डबा असतो. त्यात रबरी पडदा असतो. इंजिन त्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतं, दुसऱ्या बाजूनं बाहेरची हवा रेटा देते आणि पायाचा जोर वाढतो. इंजिन बंद झालं, की एक-दोनदा दाबेपर्यंतच ही मदत टिकते. म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची नसते, हे मोठ्यांनाही सांगा.

दुसरी गोष्ट, डिस्कच्या पॅडना दाबणारा दट्ट्या मोठा असतो. त्याला तेल जास्त लागतं. शिवाय ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरात नळीतला थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. डिस्कला ती चालत नाही. पॅड चिकटून राहतात आणि विनाकारण घासून तापतात. म्हणजे मास्टर सिलिंडरही बदलणं आलं.

तिसरी गोष्ट तोलाची. एसटीचा ड्रायव्हर ब्रेक दाबतो, तेव्हा तुम्ही पुढे झुकता ना? गाडीचा भारही तसाच पुढे झुकतो. मागची चाकं हलकी होतात. मागे जास्त ब्रेक लागला, तर ती चाकं जागीच थिजून घसरतात आणि गाडी गरकन फिरते. म्हणून पुढचा ब्रेक नेहमी दणकट हवा, मागचा बेताचा. आमचं ठरलं, पुढे डिस्क, मागे जुनेच ड्रम, पण नव्या सिलिंडर-लायनरसह. आजच्या कितीतरी छोट्या गाड्यांतही हीच जोडी असते.

डिस्क दुसऱ्या एका छोट्या गाडीच्या मिळाल्या. त्या चौदा इंची चाकात मावतात का, चाकाला कुठे घासत तर नाहीत ना, हे काकांनी आधी मापून पाहिलं. त्यांना धरणारा आधार त्यांनी पत्रा कापून बनवला नाही. कारागिराकडून लेथवर जाड पोलादाचा करून घेतला. "इथं जुगाड चालत नाई," ते म्हणाले, "जुगाड तुटला तं मानूस जाते."

जुने लायनर काढतानाही त्यांनी तोंडाला फडकं नीट बांधलं आणि ड्रममधली धूळ हवेनं न उडवता ओल्या कापडानं पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ फुप्फुसांना फार घातक असते. मला त्यांनी तेव्हा लांबच उभं केलं होतं.

दिसत नाही ते मोलाचं

या सगळ्यात सर्वांत मोलाचा बदल कोणता, ओळखा बरं? चकचकीत डिस्क? नाही. नवा मास्टर सिलिंडर!

बाबांच्या गाडीत चारही चाकांना एकाच सिलिंडरमधून तेल जात होतं. एका चाकाचा रबर फाटला आणि चारही ब्रेक गेले, ते त्यामुळेच. नव्या सिलिंडरचे आत दोन भाग आहेत. एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्या चाकांसाठी. एका बाजूचं तेल सांडलं, तरी दुसरी बाजू गाडी थांबवते. तो बॉनेटखाली असतो, गाडी पाहायला येणाऱ्याला दिसतही नाही. पण त्या दिवशी तो असता, तर तणसाचा ढीग शोधावा लागला नसता.

शेवटी नळ्यांतली हवा काढली. दादा पेडल दाबायचा, काका चाकापाशी बसून छोटा स्क्रू ढिला करायचे. बुडबुडे यायचे बंद होईपर्यंत हा खेळ चालला. मग पेडल मिनिटभर दाबून धरलं, ते खाली जातं का ते पाहिलं. मोकळ्या मैदानात आधी माणसाच्या चालीनं, मग ताशी वीसनं, मग चाळीसनं गाडी पळवून पुन्हा पुन्हा थांबवली. पुन्हा चाकं काढली, कुठे तेल झिरपतंय का ते तपासलं. त्यानंतर गाडी आरटीओकडे तपासणीला नेली. पंधरा वर्षांहून जुन्या खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतरच पुढे वाढवून मिळते, आणि केलेला बदलही तिथे सांगायला हवा.

काढलेले जुने ड्रम आणि जुना मास्टर सिलिंडर दादानं तेल लावून, कापडात गुंडाळून एका पेटीत ठेवलेत. उद्या कुणाला गाडी होती तशी करायची झाली, तर करता येईल. बाबांचा हात लागलेल्या वस्तू भंगारात कशा घालणार?

रंगासाठी ठेवलेले पैसे मात्र सगळे संपले. आमची पद्मिनी अजून फिकटच आहे. एका दारावर गंजाचा डाग आहे. पण एका रविवारी आई पुन्हा तिच्यात बसली. त्याच रस्त्यानं गेलो. तणसाच्या ढिगाची जागा आली, तेव्हा दादानं मागेपुढे पाहून हळूच ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, अलगद थांबली. आईनं इतका वेळ दाराची मूठ घट्ट धरली होती. ती तिनं सोडली आणि म्हणाली, "आता चल गोंदियाला."

करून पाहा

सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्या, एक ५ मिलिलिटरची आणि एक २० मिलिलिटरची. बारीक नळीनं त्या जोडा आणि पाण्यात बुडवून भरा, म्हणजे हवा राहणार नाही. लहान पिचकारी तुम्ही दाबा आणि मोठी मित्राला अडवून धरायला सांगा. कोण जिंकतं? आमच्या वर्गातल्या सगळ्यांत बारक्या मुलानं सगळ्यांत दांडग्याला हरवलं! आता नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. दट्ट्या स्पंजासारखा मऊ लागेल. ब्रेकमधली हवा का काढतात, ते कळेल.

आणि आज संध्याकाळी आईबाबांना सोबत घेऊन आपल्या सायकलचे ब्रेक तपासा. रबर झिजलंय का? वायरचे धागे तुटलेत का? लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकतंय का? पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक लागतात ना? पालकहो, मुलं नवी घंटी मागतील, रंगीत सीटकव्हर मागतील. तेही घ्या. पण आधी पाच-दहा रुपयांचं ब्रेकचं रबर घ्या.